ठोकळ्यांचे टंकयंत्र आणि कोगनोळीचा ‘ळ’

(शताब्दी वर्षानिमित्त कोगनोळी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीत ग्रंथकारांवर, ग्रंथसंग्रहावर, फार तर वाचनाभिरुचीवर व्याख्याने व्हावीत, अशी रीत आहे. आजचा विषय त्या रीतीला थोडा सोडून आहे. तो एका खेळण्याचा विषय आहे आणि तेही लहान मुलांच्या खेळण्याचा नाही. डेन्मार्कमधील लेगो या कंपनीने २०२१ साली जुन्या धर्तीच्या टंकलेखन यंत्राची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या टाइपरायटरची, एक प्रतिकृती विक्रीस काढली. ती प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांतून घरी बसून जुळवायची होती. ठोकळ्यांची संख्या २०७९ आणि खोक्यावर नोंदवलेले वय अठरा वर्षे व त्यापुढील. ज्या माणसांना टंकयंत्राची आठवण आहे, किंवा आठवण नसली तरी हुरहुर आहे, अशा प्रौढ छांदिष्टांसाठी ही वस्तू घडवलेली होती.

दिवाणखान्यातील फळीवर ती सुरेख दिसते. परंतु सीमाभागात मराठी टंकयंत्राला शोभेची वस्तू होण्याची सवड फार उशिरा मिळाली. बराच काळ ते यंत्र म्हणजे अर्ज होता, दाखला होता, सभेची सूचना होती, नोकरीची अट होती. म्हणून ठोकळ्यांच्या या प्रतिकृतीने टंकयंत्रातील काय जपले आणि तिच्या हातून काय निसटले, याचा विचार मुंबई-पुण्यापेक्षा कोगनोळीसारख्या गावी अधिक नेटका होऊ शकतो.

प्रथम त्या खेळण्याच्या कुळाविषयी थोडेसे. लेगोचे संस्थापक ओले कर्क ख्रिश्चनसेन हे बिलुंड या लहानशा गावातील सुतार. १९३२ मध्ये, जगभर मंदी असताना, घरबांधणीची कामे आटली तेव्हा त्यांनी लाकडी खेळणी करावयास घेतली. ‘नीट खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून १९३४ मध्ये ‘लेगो’ हे नाव सिद्ध झाले. आपल्याकडे गोकाकच्या किंवा सावंतवाडीच्या कारागिराची कथा याहून फार निराळी सुरू होत नाही. हलके लाकूड, रंग, फळे, प्राणी, देवदेवतांच्या मूर्ती. भेद पुढे पडला. बिलुंडच्या सुताराने दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे साचे आणले. एका ठोकळ्याची उंचवटे असलेली पाठ दुसऱ्या ठोकळ्याच्या पोकळ पोटात घट्ट बसावी आणि हवी तेव्हा सुटावी, ही युक्ती २८ जानेवारी १९५८ रोजी एकस्वासाठी नोंदवली गेली. त्याच वर्षी ओले कर्क निवर्तले. गोकाकचे आंबे-केळी एकदा रंगवले की आंबे-केळीच राहतात. ठोकळ्याला मात्र स्वतःचे रूप नाही, म्हणूनच त्याचे काहीही होऊ शकते. या एका गुणावर ती कंपनी जगभर पसरली.

टंकयंत्राची कल्पना कंपनीच्या कचेरीत निघाली नाही. सर्वसामान्य छांदिष्टांनी आपले नमुने पाठवावेत, दहा हजार लोकांची पसंती मिळाल्यास कंपनीने त्याचा विचार करावा, अशी एक योजना लेगोने चालवली. तिच्यातून इंग्लंडमधील स्टीव्ह गिनेस यांचा टंकयंत्राचा नमुना पुढे आला. विक्रीसाठी त्याला अंतिम रूप देताना संस्थापक ओले कर्क यांच्या वापरातील जर्मन बनावटीचे ‘एरिका’ हे यंत्र डोळ्यांपुढे ठेवले गेले. खोक्यात संस्थापकांचे पणतू थॉमस कर्क क्रिस्टियनसेन यांचे एक पत्र ४३ भाषांत छापून घातले होते, जेणेकरून विकत घेणाऱ्याला आपल्या भाषेतील कागद त्या रुळात अडकवून ठेवता यावा. हा तपशील मोठा बोलका आहे. यंत्रात कागद हवा, कागदावर मजकूर हवा. पण तो मजकूर त्या यंत्राने लिहिलेला नाही. तो आधीच छापखान्यातून आलेला आहे.

कारण ती प्रतिकृती लिहीत नाही. ती हलते. कोणतीही अक्षरकळ दाबली की मध्यभागी असलेली एकच दांडी उठते आणि खाली येते, त्याबरोबर रूळ धारण करणारी गाडी एक पाऊल सरकते. रूळ फिरतो, त्यात खरा कागद शिरतो. फीत आहे, तिला शाई नाही. फिकट हिरवट-करड्या रंगाचे ते यंत्र सुमारे २७ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे लहान प्रवासी यंत्राच्या जवळपास. हाताने जुळवणाऱ्याला त्यात खरा आनंद असणार, कारण यंत्राच्या पोटात काय चालते ते त्याला तुकड्या-तुकड्याने उमगत जाते. कळ, तिला जोडलेली काडी, काडीने ओढलेली दांडी, दांडीबरोबर सुटणारी गाडी हा क्रम पुस्तकात वाचून समजत नाही, तो हाताने जुळवावा लागतो. या बाबतीत त्या खेळण्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. पाच-पंचवीस टंकलेखन वर्गांतून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी किती जणांनी यंत्र उलटे करून पाहिले असेल?

खऱ्या टंकयंत्राचे सुटे भागही काही कमी नसतात. दीड-दोन हजारांच्या घरात त्यांची संख्या जाते, म्हणजे खेळणे आणि यंत्र या बाबतीत जवळजवळ तुल्यबळ आहेत. अमेरिकेतील मिलवॉकी येथील मुद्रक आणि संपादक ख्रिस्टोफर शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये त्याचे एकस्व घेतले आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. ही कंपनी बंदुका करणारी, शिवणयंत्रे करणारी. त्यामुळे पहिल्या यंत्रांवर शिवणयंत्रासारखी फुले रंगवलेली होती. त्यावर केवळ मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. इंग्रजीचे काम सोपे होते. एक कळ, एक अक्षर, एक पाऊल. अक्षर उमटले, गाडी सरकली, पुढचे अक्षर त्याच्या शेजारी आले. लेगोची प्रतिकृती हाच हिशेब पाळते आणि इंग्रजीपुरती ती खोटीही नाही.

देवनागरीत हा हिशेब कोसळतो. बाराखडी आणि जोडाक्षरे यांचा सगळा पसारा धरला तर शेकडो आकृती होतात. छापखान्यातील खिळेजुळारी त्या शेकडो घरांच्या पेटीपुढे उभा राहून हात चालवीत असे, पण टंकयंत्राला कळा मिळतात पन्नासाच्या आत आणि शिफ्ट धरून ठसे त्याच्या दुप्पट. तेव्हा ज्यांनी देवनागरी कळफलक बसवला त्यांना लिपी फोडावी लागली. अक्षर अखंड द्यायचे नाही, अक्षराचे तुकडे द्यायचे आणि ते टंकलेखकाने कागदावर जुळवायचे. पुष्कळ कळफलकांवर ‘ख’, ‘ध’, ‘भ’, ‘ण’, ‘श’, ‘ष’ ही अक्षरे सबंध मिळतच नाहीत. मिळते ते त्यांचे अर्धे रूप. त्यापुढे कान्याची उभी रेघ मारली की अक्षर पूर्ण होते. हाच काना ‘का’ मध्ये स्वर असतो आणि ‘ख’ मध्ये व्यंजनाचा पाय. यंत्राला दोहोंतला भेद ठाऊक नाही, त्याला ती फक्त एक उभी रेघ आहे.

शेजारच्या निपाणीचे नाव घ्यावे. टंकलेखक प्रथम ऱ्हस्व वेलांटी मारतो, मग ‘न’. बोलताना ‘न’ आधी आणि इकार नंतर, पण डोळ्याला वेलांटी आधी दिसते म्हणून हातही तिच्याकडे आधी जातो. मग ‘प’, मग काना. मग अर्धा ‘ण’, पुन्हा काना, शेवटी दीर्घ वेलांटी. सात आघात आणि त्यांत काना दोनदा, एकदा ‘पा’ साठी स्वर म्हणून आणि एकदा ‘ण’ चे अंग म्हणून. ‘धर्म’ लिहिताना रफार उच्चारात ‘म’ च्या आधी येतो आणि यंत्रावर ‘म’ च्या नंतर. म्हणजे टंकयंत्र डोळ्याच्या क्रमाने चालते. पुढे संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक आला तो उच्चाराच्या क्रमाने चालणारा. जुन्या टंकलेखकांना त्याची सवय लवकर होईना याचे कारण आळस किंवा वय असे सांगितले गेले. ते अर्धवट खरे आहे. वर्षानुवर्षे ज्या बोटांनी वेलांटी आधी मारली त्यांना ती नंतर मारावयास सांगणे म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने जेवावयास लावण्यासारखे होते.

आता कोगनोळी. ‘क’, काना, मात्रा. ‘ग’. ‘न’, काना, मात्रा. ‘ळ’. दीर्घ वेलांटी. ज्या यंत्रावर ओकार असा काना-मात्रेने जुळवायचा असतो त्यावर हे नऊ आघात होतात. पण मात्रेच्या कळेला गाडी सरकत नाही, कारण मात्रा शेजारी बसत नाही, डोक्यावर बसते. म्हणून आघात नऊ आणि गाडीची पावले सात. अशा न सरकणाऱ्या कळांना टंकलेखक ‘डेड की’ म्हणत. मराठी टंकयंत्राचे सारे कौशल्य या थांबण्यात होते. कोठे सरकायचे हे कोणतेही यंत्र जाणते. कोठे थांबायचे हे देवनागरी यंत्राला जाणावे लागले. ठोकळ्यांच्या प्रतिकृतीवर कोणतीही कळ दाबा, गाडी एक पाऊल पुढे जाते. तिच्यावर कोगनोळी हे नाव नऊ घरे लांब होईल.

आणि ‘ळ’ चे काय? त्याला उजवीकडे उभी रेघ नाही, त्यामुळे त्याला फोडता येत नाही. अर्ध्या रूपाला काना लावून तो तयार होत नाही. त्याला स्वतःची अखंड कळच द्यावी लागते. ज्या लिपीत कळांची इतकी टंचाई आहे तेथे एका अक्षरासाठी जागा राखणे ही लहान गोष्ट नाही. कन्नडातही हा वर्ण आहे, तेव्हा या गावाचे नाव दोन्ही भाषांत शाबूत राहते. ते रोमन लिपीत गेले म्हणजे मात्र ‘ल’ आणि ‘ळ’ एक होतात. महामार्गावरील रोमन पाटी वाचून परगावचा वाटसरू गावाचे नाव जसे उच्चारतो ते ऐकले की याचा प्रत्यय येतो.

मराठीची आणखी एक खास निकड होती. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही वेगळी प्रकरणे आहेत. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात आडवा वळलेला अर्धा ‘र’. हिंदीला या दुसऱ्या चिन्हाची गरज पडत नाही. मराठीला ते नसले तर मोठे घोटाळे होतात आणि दक्षिणा भलत्याच हाती पडते. विनोदाचा भाग सोडला तरी अर्जात येणारे शब्द पाहावेत. ‘शेतकऱ्यांचे’, ‘कर्मचाऱ्यांचे’, ‘अधिकाऱ्यांस’, ‘गाऱ्हाणे’. ज्याला अर्ज करायचा तो, ज्याला करायचा तो आणि जे सांगायचे ते, या तिन्ही शब्दांत हा वळलेला ‘र’ आहे. मराठी कळफलकावर त्याला घर मिळाले नसते तर अर्जाचा पहिला परिच्छेदच अडला असता.

अर्जाचा उल्लेख आला म्हणून थोडे इतिहासात डोकावणे प्राप्त आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. त्यात चिकोडी तालुक्यातील कोगनोळीही गेली. कागल उंबरठ्याबाहेर आणि तालुक्याची कचेरी दुसऱ्या भाषेच्या राज्यात, अशी गावाची बैठक झाली. १९६३ च्या कायद्याने कन्नड ही त्या राज्याची राजभाषा ठरली. पुढे १९६६ मध्ये महाजन आयोग बसला, त्याने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचवले, पण ते प्रत्यक्षात आले नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादाची चर्चा हा आजचा विषय नव्हे आणि ग्रंथालयाचे व्यासपीठ त्यासाठी नाही. येथे फक्त इतकेच पाहायचे आहे की, राज्याची भाषा बदलली तेव्हा कागदाची भाषा बदलली आणि कागदाची भाषा बदलली तेव्हा टेबलावरचे यंत्र बदलले.

कन्नड टंकयंत्राच्या कळफलकाशी के. अनंतसुब्बाराव यांचे नाव जोडलेले आहे. कन्नडातही जोडाक्षराचा दुसरा वर्ण पायाशी बसतो, स्वरचिन्हे वर-बाजूला चिकटतात. त्यांनाही लिपी फोडावीच लागली. कळफलक बसवणाऱ्याच्या दृष्टीने कन्नड आणि मराठी या सख्ख्या बहिणी होत्या, दोघींचीही इंग्रजी यंत्राशी सारखीच अडचण. कचेऱ्यांत मात्र ज्या भाषेचे यंत्र तिचे उत्तर, असा व्यवहार पडला. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने कोणाही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क दिलेला आहे. हक्क घटनेत आहे, पण निवेदन कागदावर उतरवायला कोणाच्या तरी टेबलावर ‘ळ’ असलेले आणि वळलेला ‘र’ असलेले यंत्र लागते. हाताने लिहिलेला अर्ज कायद्याने तितकाच ग्राह्य असतो. तरी टंकलिखित अर्जाला जो मान मिळे तो हस्तलिखिताला मिळत नसे, हे ज्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या त्यांना सांगण्याची गरज नाही.

अन्यत्रही या यंत्राचा पसारा होता. सभेच्या सूचनेसाठी फीत बाजूला सारून मेणकागदावर नुसत्या ठशांनी अक्षरे कोरायची आणि सायक्लोस्टाईलवर शे-दोनशे प्रती काढायच्या, ही चळवळींची ओळखीची पद्धत. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणी परिसरातील तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिलला गोळीबारात त्यांतील काही जण बळी पडले. त्या काळात मागणीचे पत्रक काढायचे तर छापखाना अथवा टंकयंत्र, तिसरा मार्ग नव्हता.

आणि नोकरी. महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची किंवा इंग्रजीची ४० शब्दांची गती, ही अट हजारो तरुणांना पाठ झालेली आहे. मराठीची गती दहाने कमी का, याचे उत्तर वर जुळवलेल्या निपाणी आणि कोगनोळी या दोन नावांत मिळेल. महाराष्ट्राच्या दाव्यातील ८६५ गावांतील मराठी भाषिक उमेदवारांना त्या राज्याच्या नोकरभरतीत अर्ज करण्याची मुभा दिलेली आहे. म्हणजे सीमेअलीकडच्या मुलामुलीला सीमेपलीकडच्या पदापर्यंत पोचवणाऱ्या पायऱ्यांत एक पायरी या कळफलकाची होती. घरची भाषा मराठी असणे वेगळे आणि मिनिटाला तीस शब्दांनी ती कागदावर उमटवता येणे वेगळे. टंकलेखन वर्गातील फळीवर दहा-पंधरा यंत्रे एकदम वाजत तेव्हा जो कल्लोळ होई त्याला पुष्कळ जण आज हळवेपणाने आठवतात. वर्गात बसलेल्यांना त्या वेळी तो कल्लोळ हळवा वाटत नव्हता. परीक्षा जवळ आलेली असे.

याच महामार्गाने उत्तरेस जावे तर सातारा जिल्ह्यात शिरवळ लागते. गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले आणि पंडित नेहरूंना त्यात उद्योगशील स्वतंत्र देशाची खूण दिसली. रेमिंग्टन, हाल्डा, फॅसिट ही नावेही घरोघरी नाही तरी कचेरोकचेरी झाली. गोदरेजची शेवटची यंत्रे शिरवळच्या कारखान्यात तयार झाली. २००९ मध्ये उत्पादन थांबले, कारखाना शीतकपाटांच्या कामी लागला आणि २०११ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांनी टंकयंत्राचा शेवटचा कारखाना बंद झाल्याची बातमी दिली. शेवटचा म्हणणे अतिशयोक्तीचे होते, इतरत्र काही यंत्रे निघतच होती. परंतु मराठी कळफलकाची नवी यंत्रे येण्याचा मोठा झरा आटला, हे खरे. दहा-बारा वर्षांनी डेन्मार्कहून ठोकळ्यांचे यंत्र आले. रस्ता तोच, एका टोकाला खरे यंत्र बंद पडते आणि विमानाने खोटे यंत्र येते, असा कडू शेरा यावर कोणी मारील. तो मारण्याचे कारण नाही. खेळणे करणाऱ्यांनी यंत्र मारलेले नाही. त्यांनी ते आपल्या परीने, आपल्या लिपीत आठवले आहे.

आपल्या लिपीत आठवणे हे मात्र आपले काम आहे, आणि तेथे स्थिती समाधानाची नाही. जुनी इंग्रजी यंत्रे हौशी संग्राहक शोधून नेतात. उपाहारगृहांच्या दर्शनी खिडक्यांत, चित्रपटांच्या सेटवर ती मांडली जातात. देवनागरी यंत्राला त्या बाजारात गिऱ्हाईक कमी. ते भंगाराच्या वजनावर जाते. ज्या यंत्रावर थोर हात फिरले ती वाचतात. नागपूरजवळील चिचोलीच्या शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वापरातील वस्तूंमध्ये टंकयंत्र जपलेले आहे. याच निपाणीत १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेस ते आले होते. पण अर्ज लिहिणाऱ्याचे, कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसणाऱ्याचे, टंकलेखन वर्गातील शेवटच्या बाकावरचे यंत्र कोण जपणार? त्याच्या मागे नाव नाही.

ते काम ग्रंथालयाचे आहे असे म्हणण्यास आधार आहे. ग्रंथालयांनी टंकयंत्र वापरलेले आहे. तालिकापत्रे, म्हणजे साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटरची ती जाड पत्रे, कित्येक ठिकाणी याच यंत्रावर तयार झाली. देणगीदारांना आभाराची पत्रे गेली, वर्गणी थकलेल्या सभासदांना स्मरणपत्रे गेली (या दुसऱ्या प्रकारच्या पत्रांची कार्बन प्रत मात्र नेहमी सापडते). ग्रंथालयाला ग्रंथ जपण्याची सवय आहे, पण ग्रंथाच्या अलीकडची जी पायरी, जेथे लिपीचे तुकडे जुळून ओळ होते, ती जपण्याची सवय नाही. छापखान्यातील खिळे वितळून गेले. मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर आले. देवनागरी टंकयंत्राची पाळी आता चालू आहे आणि अजून वेळ गेलेली नाही, कारण यंत्रे सापडतात आणि चालवणारी माणसे हयात आहेत.

या ठिकाणी त्या डॅनिश खेळण्याकडून एक गोष्ट उचलावी. त्याच्या खोक्यात ठोकळ्यांइतकीच मोलाची वस्तू म्हणजे जुळवणीची पुस्तिका. २०७९ तुकडे, प्रत्येक कोणता, कोणत्या क्रमाने, कशात बसतो, याची चित्रे. शब्द जवळजवळ नाहीत. जगात कोणत्याही भाषेच्या माणसाने ती उघडावी आणि यंत्र उभे करावे. देवनागरी टंकयंत्राची अशी पुस्तिका ज्याच्या त्याच्या बोटांत आहे. वर्गातील अभ्यासाची पुस्तके गती शिकवीत, धडे देत. हा ‘ण’ असा का फोडला, येथे गाडी का थांबते, हे त्यांत क्वचितच असे. शिक्षक तोंडाने सांगत आणि हात शिकत. पुढे संगणकावर ‘रेमिंग्टन’ आणि ‘गोदरेज’ ही कळफलकांची नावे म्हणून उरली. ती निवडणाऱ्या पुष्कळांना आपण लोखंडाच्या अडचणीतून निघालेली एक मांडणी वापरतो आहोत, याची कल्पना नसते.

तेव्हा यंत्र मिळवून काचेच्या कपाटात ठेवणे पुरेसे नाही. कपाटात ठेवलेले यंत्र आणि ठोकळ्यांचे यंत्र यांत फार अंतर राहत नाही, दोन्ही लिहीत नाहीत. यंत्र उघड्यावर, झाकण घालून पण कुलपाविना ठेवावे. ठशांत साठलेली शाई कोरड्या कुंच्याने काढावी. दांड्या जेथे खाचांत फिरतात तेथे तेल घालण्याचा मोह टाळावा, त्या तेलाने धूळ धरते आणि दांड्या अडकतात. रूळ कडक झाला असेल तर दोन कागद एकाखाली एक घालून चालवावे. येणाऱ्या शाळकरी मुलाने आपल्या गावाचे नाव त्यावर मारून पाहावे आणि मात्रेला गाडी का सरकली नाही, म्हणून यंत्र बिघडले असे समजून तक्रार करावी. ती तक्रार झाली म्हणजे यंत्र ठेवल्याचे सार्थक झाले.

आणि ज्यांनी या परिसरात मराठी टंकलेखन केले, शिकवले, यंत्रे दुरुस्त केली, त्यांना एकेका सायंकाळी बोलावून यंत्रापुढे बसवावे. त्यांनी कळ दाबावी, सांगावे. ऐकणाऱ्याने लिहून घ्यावे की कोणत्या कळेला गाडी सरकते आणि कोणत्या कळेला थांबते, कोणते अक्षर अखंड, कोणते अर्धे अधिक काना, वळलेला ‘र’ कोणत्या कोपऱ्यात, ‘ळ’ कोणत्या बोटाखाली. कन्नड यंत्रावर बसलेलेही या भागात आहेत, त्यांच्याकडून तिकडची जुळणीही शेजारच्या रकान्यात उतरवून घ्यावी. फीत मिळणे कठीण होत जाईल. म्हणून तिच्यात शाई आहे तोवर प्रत्येक कळेचा, साध्या आणि शिफ्टसहित, असा एक एक ठसा स्वच्छ पांढऱ्या कागदावर घ्यावा. त्याखाली यंत्राची बनावट, त्याचा अनुक्रमांक आणि ठसे घेतल्याची तारीख नोंदवावी, आणि त्या कागदाला ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तकासारखाच दाखल क्रमांक द्यावा.